डावा रकाना, उजवा रकाना

सकाळी 9.15

आमगावात तहसील कार्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक शटर वर जातं. आठ बाय बाराचं दुकान. दोन कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, लेझर प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र, कोपऱ्यात इन्व्हर्टर. पाटीवर लिहिलंय : मराठी-हिंदी टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, फ्लेक्स डिझाइन. मालक साडेदहाच्या आत येत नाहीत. तोवर झाडू, फडकं, उदबत्ती आणि पहिलं गिऱ्हाईक, सगळं ताईंकडे.

ताई तिशीच्या पुढच्या. बी.ए., एमएस-सीआयटी, मराठी टायपिंग 30 चं सर्टिफिकेट. पगार महिन्याला 9,000 रुपये. रविवारी सुट्टी, पण शिष्यवृत्तीची किंवा भरतीची शेवटची तारीख जवळ आली की रविवारही इथेच. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत. ताईंचं काही अडत नाही. त्या कीबोर्डकडे बघतच नाहीत.

प्रिंटरमधला टोनर कालच भरून आणलाय, 350 रुपये. पहिले दोन कागद फिकट निघतात. ताई ते फेकत नाहीत. पाठकोऱ्या बाजूवर दिवसभराचा हिशोब लिहायचा असतो.

सकाळी 9.40

डेस्कटॉपवर एक्सेलची एक फाइल आहे. नाव ‘शब्द’. दोन रकाने. डाव्यात लिहायचा नाही तो शब्द, उजव्यात त्याच्या जागी लिहायचा तो. अपंग, दिव्यांग. मूकबधिर, कर्णबधिर. मतिमंद, बौद्धिक दिव्यांग. कुष्ठरोगी, कुष्ठरुग्ण. तलाठी, ग्राम महसूल अधिकारी. ग्रामसेवक, ग्रामपंचायत अधिकारी. कोतवाल, महसूल सेवक. उस्मानाबाद, धाराशिव. ओळी चारशेच्या वर गेल्यात.

या दुकानात टाइप झालेला कागद सरकारी टेबलावर जातो. तिथे जुना शब्द दिसला की कागद परत येतो. गिऱ्हाईक चिडतं, पुन्हा टायपिंग, पुन्हा प्रिंट, आणि पैसे मागायची सोय नाही. म्हणून यादी. आधी ती भिंतीवर चिकटवलेली होती. मालकांचा भाचा नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने ती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि वर्डला जोडून दिली. आता एक कळ दाबली की कागदभर पिवळ्या खुणा उमटतात आणि बाजूला सुचवलेला शब्द येतो. बदलू का, असं मशीन विचारतं.

पूर्वी विचारत नव्हतं, आपणहून बदलून टाकायचं. ते कसं बंद पडलं हे ताई हसत सांगतात. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं यादीत टाकताना ‘महारवाडा’ कुणीतरी अर्धाच टाकला, ‘वाडा’ राहून गेला. त्याच्या उजवीकडे ‘समता नगर’. पुढचं पत्र छापून आलं तेव्हा वर लिहिलं होतं, ‘समता नगराष्ट्र शासन’. गठ्ठाभर प्रती रद्दीत गेल्या. भाच्याला फोन झाला. तेव्हापासून मशीन विचारतं.

शब्द पूर्ण असला तरच धरायचा, असं मग ठरलं. तेही मराठीत जमत नाही. ‘वाडा’ धरला तर ‘वाड्यात’ सुटतो, ‘वाड्याचा’ सुटतो. अपंग, अपंगांना, अपंगत्व, अपंगांसाठीच्या, प्रत्येकाची वेगळी ओळ. चारशे ओळींमध्ये शब्द असतील शंभरेक. बाकी सगळे प्रत्यय.

जुनी कामं कृतिदेवमध्ये आहेत. त्या फॉन्टात ‘महार’ म्हणजे मशीनच्या लेखी ई, जी, के, जे या चार इंग्रजी कळा. यादीला त्यातलं काही कळत नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. आणताना कुठे रफार सरकतो, कुठे पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. ती हाताने जागेवर आणायची. टायपिंग पानाला 30 रुपये. दुरुस्ती त्यातच.

सकाळी 10.30

मालक आले. पाठोपाठ एका गावचे ग्रामपंचायत अधिकारी. नोकरीला लागले तेव्हा ग्रामसेवक होते. गावात अजूनही ग्रामसेवकच.

हातात ग्रामसभेचा ठराव. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी काही नावंही सुचवली. यांच्या गावच्या काही वस्त्यांचं काम मागे राहिलं होतं. आता तक्ता पाठवायचाय. अनुक्रमांक, वस्तीचं जुनं नाव, नवीन नाव, ठराव क्रमांक व दिनांक.

ताई टाइप करतात. सवयीने कळ दाबतात. दुसरा रकाना उभाच्या उभा पिवळा.

“हो म्हणत गेले तर दोन्हीकडे समता नगर होईल साहेब.”

“समता नगरचं नाव बदलून समता नगर केलं म्हणून पाठवलं, तर माझीच नोटीस निघंल,” साहेब म्हणतात.

जुनं नाव लिहिल्याशिवाय ते बदलता येत नाही, हे यादीला माहीत नाही. ताई एकेका खुणेला ‘नको’ म्हणतात. गावात त्या वस्त्यांना बोलताना काय म्हणतात, असं मी विचारतो. साहेब रस्त्याकडे बघतात. “म्हणतात आपले, तळ्याकडचं घर, टाकीकडचं घर.” तळं आणि टाकी कुठल्याच रकान्यात नाहीत.

दुसरा कागद अंदाजपत्रकाचा. साहेब तोंडाने म्हणतात ‘दलित वस्ती’चं काम. मशीन पिवळं होतं. कागदावर योजनेचं नाव ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे’. एवढं नाव त्या चिमुकल्या चौकटीत मावत नाही. 12 चा फॉन्ट 9 वर येतो. मार्च 2018 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने सरकारी कागदात ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ लिहायला सांगितलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या प्रकरणानंतर वाहिन्यांनाही तशी सूचना गेली. त्याच्या कितीतरी आधी, 1982 मध्ये, जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नका असं गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं. एका शब्दाच्या जागी दुसरा, त्याच्या जागी तिसरा. आंबेडकरी चळवळीतले अनेक जण ‘दलित’ हा शब्द आपणहून, अभिमानाने लावतात. त्यांची पत्रकं इथे येतात तेव्हा ताई कळ दाबत नाहीत.

चार पानं टायपिंगचे 120. सहा संच झेरॉक्स, 48. एकूण 168. साहेब 160 देतात. आठ रुपये ताई पाठकोऱ्या कागदावर लिहितात. वसूल होतील म्हणून नाही. गल्ला जुळायला हवा म्हणून.

सकाळी 11.40

एक म्हातारे काकाजी आणि त्यांचा मुलगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक कागद. कोतवाल पंजीची नक्कल. विदर्भात जातीचा पुरावा बहुतेक इथूनच निघतो. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा, त्यात जात लिहायचा. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, इतर मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. तारखा ताईंना तोंडपाठ आहेत.

अर्जात पंजीतला मजकूर जसाच्या तसा उतरवायचाय. ताई सुरू करतात. वर ‘कोतवाल पंजी’ टाइप होतं. मशीन विचारतं : महसूल सेवक पंजी?

ताई कॉम्प्युटरच्या वरच्या पट्टीत जाऊन यादी बंद करतात. अशी कामं आली की ती बंदच. पंजी लिहिणाऱ्याने जात ज्या ऱ्हस्व-दीर्घाने लिहिली, ज्या शब्दाने लिहिली, तीच उतरली पाहिजे. आज तोंडातून काढायला संकोच वाटेल असे शब्द त्या जुन्या वह्यांत सर्रास आहेत. ते तसेच राहिले तरच नातवाला दाखला मिळतो.

या कागदावर काकाजींच्या आजोबांच्या नावापुढे ‘गोवारी’ आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ आहे. या दोन शब्दांमधल्या अंतरासाठी 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर मोर्चा निघाला होता. चेंगराचेंगरीत 114 जण मेले. बायका आणि मुलं फार होती. ऑगस्ट 2018 मध्ये उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

“बाबा गेले होते तवा नागपूरले,” मुलगा म्हणतो. काकाजी काही बोलत नाहीत.

“गोवारी लिहू की गोंड गोवारी?” ताई विचारतात.

“कागदावर काय हाये?”

“गोवारी.”

“मंग तेच लिहा बाई. आपल्या मनानं नोको.”

दोन पानं. ताई प्रिंट काढतात आणि नक्कल शेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट फिरवत मोठ्याने वाचतात. काकाजी ऐकतात. आजोबांचं नाव आलं की मान हलवतात. हे वाचून दाखवणं मालकांना पसंत नाही, वेळ जातो. बाहेर तिघं थांबलेत. ताई वाचतातच. मुलगा 60 रुपये देतो.

दुपारी 12.50

वीज गेली. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो. झेरॉक्स बंद. गिऱ्हाईक पांगलं. डबा उघडला जातो : भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. गोंदियाच्या माणसाच्या डब्यात भात आधी आणि पोळी नंतर, ती असलीच तर.

भाचा सुट्टीवर आलाय. त्याच्याशी गप्पा निघतात. तो म्हणतो, “आपली यादी काहीच नाही. चीनमधल्या बघा.” तिथे 2015 च्या नव्या जाहिरात कायद्याने ‘सर्वोत्तम’, ‘सर्वोच्च’, ‘राष्ट्रीय दर्जाचं’ असे शब्द जाहिरातीत बंद झाले. दंड 2 लाख ते 10 लाख युआन. त्यामुळे ऑनलाइन माल विकणारा दुकानदार मजकूर आधी एका सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. ते बंदी असलेला शब्द दाखवतं आणि चालणारा सुचवतं. ही झाली व्यापाराची यादी. दुसरी यादी राजकारणाची, आणि ती कुणी छापून देत नाही. 1989 च्या तिआनानमेन हत्याकांडाची तारीख, 4 जून, लिहिली की मजकूर उडतो. म्हणून लोक ‘35 मे’ लिहायला लागले. मग 35 मे सुद्धा उडायला लागली.

आपल्याकडच्या याद्या छापील असतात. जुलै 2022 मध्ये लोकसभा सचिवालयाने असंसदीय शब्दांचं नवं पुस्तक काढलं, त्यात ‘जुमलाजीवी’ होता. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकांविषयीच्या ठोकळेबाज शब्दांची पुस्तिका काढली. तिच्यात तर चक्क दोन रकाने आहेत, डावा नको तो, उजवा हवा तो. भाच्याला वाटतं, अशा सगळ्या याद्या एकत्र करून ॲप काढावं. ताई डबा धुवायला मागे जातात.

दुपारी 2.10

वीज आली. पाठोपाठ आठवडी बाजारात जडीबुटीचं दुकान मांडणारे एक काका. गळ्यात माळा, खिशात दोन मोबाइल. पत्रकं छापायचीत. मजकूर ते तोंडी सांगतात.

“शुगर मुळासकट जाते, असं लिहा.”

“नाही लिहिता येत काकाजी. गुन्हा आहे.”

औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा 1954 चा. मधुमेह, कर्करोग, लकवा, मिरगी असे बरेच रोग त्याच्या यादीत आहेत. ते बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही. उंची वाढवून देतो, हेसुद्धा लिहिता येत नाही. ताईंच्या फाइलीत या ओळी तांबड्या आहेत आणि त्यांचा उजवा रकाना रिकामा आहे.

“सगळे लिहितात.”

“लिहू द्या. पत्रकावर दुकानाचं नाव आमचं येते.”

काका विचार करतात. “मंग साखर लिहा. साखर कमी होते.”

दुकानात हसू फुटतं. काकाही हसतात. मशीनने मात्र ‘शुगर’ही धरलं नव्हतं आणि ‘साखर’ही नाही. त्याला फक्त मधुमेह माहीत. ताई फाइल उघडून डाव्या रकान्यात ‘शुगर’ टाकतात. ‘साखर’ टाकत नाहीत, नाहीतर उद्या राशन दुकानाचा कागद तांबडा होईल.

शेवटी पत्रकावर एवढंच राहतं : जंगलातली जडीबुटी मिळेल, बाजाराचे वार, मोबाइल नंबर. काकांना ते फिकं वाटतं. हजार पत्रकांचे 800 सांगितले होते. ते पाचशेच छापा म्हणतात.

दुपारी 3.00

माघ पौर्णिमा तोंडावर आलीय. सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड बांधव येतात. दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावकडे, आणि तिथून डोंगरातल्या गुहेपर्यंत पायी. या आठवड्यात दुकानात फ्लेक्सचीच कामं.

दोन पोरं मोटारसायकलवर येतात. “जय सेवा, ताई.” मजकूर व्हॉट्सॲपवर आहे, देणगीदाराच्या ऑफिसातून आलेला. सोबत देणगीदाराचा फोटो, हात जोडलेला. ताई मजकूर कोरलड्रॉमध्ये घेतात : यात्रेनिमित्त आलेल्या सर्व वनवासी बांधवांचे हार्दिक स्वागत.

“वनवासी काढा ताई. आदिवासी लिहा.”

ताई एकदा विचारतात. “पैसे ते देणार. त्यांना चालेल?”

“चालेल. नाई चालला तं आमी वर्गणी करू.”

“याचा जीआर नाही काही,” मालक मागून म्हणतात.

“जीआर कशाले पायजे काकाजी? आमचं नाव हाये, आमीच सांगून राहिलो न.”

ताई शब्द बदलतात. मग फाइल उघडून एक ओळ वाढवतात. डावीकडे वनवासी, उजवीकडे आदिवासी. शासनाने न सांगितलेल्या अशा आठ-दहा ओळी यादीत आहेत. त्यांच्यापुढे ताईंनी ‘गि.’ लिहून ठेवलंय. गि. म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलं.

पुढे पारी कुपार लिंगो, जंगो रायताड, काली कंकाली. मशीन एकेका नावाखाली लाल नागमोडी रेघ मारतं. पोरं वाकून प्रत्येक अक्षर तपासतात. ‘रायताड’चा ‘ड’ तीनदा बघतात. देणगीदाराचा फोटो ताई बोटभर मोठा करतात. त्याने काम सोपं होतं, त्या म्हणतात. फोटो मोठा दिसला की मजकूर कुणी फार वाचत नाही.

दहा बाय सहा, 60 चौरस फूट, फुटाला 12 रुपये, 720. छपाई गोंदियाला. उद्या दुपारच्या गाडीने गुंडाळी येईल. पोरं 400 आगाऊ देतात.

दुपारी 4.00

एका शेतकऱ्याची तक्रार. फेरफार अडलाय, दोन महिने झाले. कच्चा मजकूर त्याने वहीच्या पानावर लिहून आणलाय, अक्षर सुरेख. ‘तलाठी कार्यालयात येत नाही. फोन उचलत नाही. आला तर ऐकून घेत नाही.’

कळ दाबली. ‘ग्राम महसूल अधिकारी कार्यालयात येत नाही. फोन उचलत नाही. आला तर ऐकून घेत नाही.’

ताई वाचतात आणि हात आपोआप पुढे जातो : येत नाहीत, उचलत नाहीत, आले तर ऐकून घेत नाहीत. पदनाम लांबलं की क्रियापदाला मान द्यावा लागतो.

शेतकरी स्क्रीनकडे बघतो. “हे काहून बदलवलं?”

“अधिकारी आहेत न आता.”

“फोन तं तसाच नाई उचलत.”

भांडण नाही, पण तो हटत नाही. एकेरीच ठेवा म्हणतो. ताई म्हणतात, तहसीलदारासमोर एकेरीतला कागद गेला तर तुमचंच वजन कमी होते. तो क्षणभर थांबतो, मग म्हणतो, बरं, पण ‘दोन महिने’ ठळक करा. ‘दोन महिने’ ठळक होतात. 30 रुपये, झेरॉक्सचे 4.

दुपारी 4.45

शाळेतल्या एक बाई. 9 फेब्रुवारीला बाबा आमटेंचा स्मृतिदिन. 2008 मध्ये याच तारखेला ते आनंदवनात गेले. फलकासाठी एक पान मजकूर हवाय. ताई टाइप करतात, कळ दाबतात. ‘महारोगी सेवा समिती, वरोरा’ पिवळं. बाजूला सूचना : कुष्ठरुग्ण.

1949 साली स्थापन झालेल्या संस्थेचं ते नाव. बाबांनी स्वतः ठेवलेलं. ते बदलत नाही. पण त्याच पानावर खाली बाईंनी लिहिलंय, ‘महारोग्यांची सेवा केली’. तिथे बदलतं. वरचं ‘नको’, खालचं ‘हो’. मशीनला दोन्ही ठिकाणी सारखाच पिवळा रंग दिसतो. ताई दोन सेकंदात दोन कळा दाबतात आणि पान प्रिंटरला जातं. भाच्याच्या ॲपमध्ये या दोन सेकंदांची सोय कशी करायची, ते मला कळत नाही. त्यालाही नसावं.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात कुष्ठरोग अजून आहे. आशाताई घरोघर फिरून चट्टे बघतात. त्यांचे अहवाल इथेच टाइप होतात. त्यात रुग्ण असतात, रोगी नसतात.

संध्याकाळी 5.30

पाच ते सहा सगळ्यात गर्दी. उभं राहायला जागा नाही. कोपऱ्यात एक बाई कधीपासून थांबल्यात. पस्तिशीच्या असतील. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. महिन्याला 1,500 रुपये. नवऱ्याचा मृत्यू दाखला, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं एका रुमालात.

सोबत एक साधा विनंती अर्ज टाइप करायचाय. ‘मी विधवा असून’ इथे पिवळी खूण येते. उजव्या रकान्यात काहीच नाही.

त्या रिकाम्या रकान्याला इतिहास आहे. एप्रिल 2023 मध्ये राज्याचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितलं होतं. बातमी आली त्या दिवशी मालकांनी लगेच ‘गं. भा.’ टाकून दिलं. राज्यभर टीका झाली, निर्णय झालेला नाही असं मंत्र्यांनी स्पष्ट केलं. ताईंनी उजवा शब्द पुसला, डावा तसाच राहिला. मध्यंतरी एका संस्थेच्या कार्यकर्त्या ‘एकल महिला’ सुचवून गेल्या. तो शब्द ताईंना आवडला. पण अर्जाच्या छापील नमुन्यात चौकट ‘विधवा’ची आहे.

“कसं लिहू ताई?” टायपिस्ट ताई त्या बाईंना ताई म्हणतात.

“विधवाच लिहा न. त्याच्यावरच भेटते म्हणतात पैसे.”

अर्ज होतो. अंगठा नको, सही करते, बाई म्हणतात, आणि हळूहळू पूर्ण नाव लिहितात. टायपिंग 30, झेरॉक्सची दहा पानं 20. बाईंकडे चाळीस निघतात. मालक फोनवर आहेत. ताई चाळीस घेतात आणि ड्रॉवर बंद करतात. पाठकोऱ्या कागदावर ‘40’ लिहितात, बाकी काही नाही.

संध्याकाळी 6.50

गल्ला मोजला. 2,460 रुपये. त्यातले 400 फ्लेक्सचे आगाऊ, ते गोंदियाला जाणार. कागदाचा एक रीम आज संपला, तो 260 चा. चहाचे 60. वीजबिल, भाडं आणि इंटरनेट मालकांच्या डोक्यात. ताईंची दिवसाची मजुरी काढली तर साडेतीनशेच्या आत-बाहेर पडते.

पाठ धरलीय. ताई दोन्ही हात मानेमागे घेऊन बोटं मोडतात. आज बावीस पानं टाइप झाली. पिवळ्या खुणा किती आल्या ते कुणी मोजत नाही. त्यांचा दर नाही.

संध्याकाळी 7.05

देवरीच्या एका सेवा केंद्रातून फोन. तिथल्या पोराला यादी हवीय. तुमचे कागद परत येत नाहीत म्हणतात, आम्हाला पण द्या. मालक हात आडवा धरून खुणेने सांगतात, 200 रुपये माग. ताई फोनवर म्हणतात, पाठवते.

पण फाइल पाठवून त्या फोन ठेवत नाहीत. समजावत बसतात. तांबड्या ओळींना उजवीकडे काही नाही, ते चुकून राहिलेलं नाही. ‘गि.’ लिहिलंय तिथे आधी गिऱ्हाइकाला विचार. संस्थेचं नाव आलं तर हात लावू नको. जुना दाखला, पंजी, खारीज रजिस्टर, यातलं काहीही उतरवायचं असलं तर आधी यादी बंद कर. कुठून बंद करायची? वरच्या पट्टीत, उजवीकडून तिसरं. सापडलं? उघड-बंद करून दाखव. पुन्हा कर. धनगरांचं काम येते का तुझ्याकडे? तिथे ‘धनगड’ आणि ‘धनगर’ यात मशीनचं अजिबात ऐकू नको, कागद बघ.

मालक शटर अर्धं खाली ओढतात. भाचा दिवे मालवतो. पोराचे प्रश्न संपत नाहीत. ताई पर्स खांद्याला लावून, रस्त्यावर उभ्या राहून, आणखी दहा मिनिटं बोलतात.

नेहमीची काळीपिवळी तेवढ्यात निघून गेली. ती वीस रुपये घेते. पुढचा ऑटो पस्तीसच्या खाली येत नाही, आणि चार सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. हे पंधरा रुपये उद्या मालकाकडून घेईन, ताई म्हणतात. मागतील असं मला वाटत नाही.